चार बोटांचं पाऊल

१४ जुलै, सोमवार

नळ नवव्या दिवशी आला, तोही भर दुपारी. अर्धी रजा टाकून घरी. 'पाणी आलंय' एवढं कारण या गावात कुठल्याही मुख्याध्यापिकेला पुरतं. टाकी, दोन ड्रम, बादल्या, पातेली, शेवटी कुकरसुद्धा भरला. तीन तास पाण्यात उभी.

डाव्या पायाच्या करंगळीच्या बेचक्यात खाज. चार-पाच दिवस आहे.

पायात ह्यांच्या रबरी स्लीपर. नंबर नऊ, माझा सहा. हे गेल्यापासून घरात त्याच घालते. कुणी विचारलं तर सांगणार आहे की रबर अजून चांगलं आहे, टाकायच्या कशाला. विचारायला घरात आहे कोण.

संध्याकाळी एक विचित्र. चहा गाळून वळले तर फरशीवर ओली पावलं. बाथरूमपासून बेडरूमच्या दारापर्यंत, पाच-सहा. अनवाणी माणसाची. माझ्या पायात तर स्लीपर होत्या. आणि एका पायाच्या ठशाला करंगळी नव्हती.

पोतेरं घेतलं आणि पुसून टाकलं. नीट बघितलंही नाही.

१५ जुलै

काल झोप नाही. सरळ लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल.

ह्यांच्या पायाला करंगळी नव्हती. वाळूजच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं, बारा-बारा तास पायात सेफ्टी शूज. मोजे पिळले तर पाणी निघायचं. बोटांच्या बेचक्यात कायम बुरशी, त्यात माझ्यासारखीच साखर. मी रोज ओरडायची, बोटांच्या मधे पुसा, बोटांच्या मधे पुसा. "आपोआप वाळतं गं." नाही वाळलं. भेग पडली, पू झाला, तीन वर्षांपूर्वी करंगळी काढली. गेले ते मात्र हृदयानं, गेल्या भाद्रपदात.

मी विज्ञानाची शिक्षिका आहे. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी फरशीवरच्या पाण्याला भ्यायचं नाही.

१७ जुलै

मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणली. पोरगा म्हणाला, "काकू, हेच घ्या, सगळे हेच नेतात." सगळे नेतात ते चांगलंच असणार.

२१ जुलै

ट्यूब जोरात आहे. चौथ्या दिवशी खाज गायब. डॉक्टरकडे नंबर लावून तीन तास बसणाऱ्यांची कीव आली.

सातवीला बुरशी शिकवली. पावाचा ओला तुकडा डब्यात घालून कपाटात ठेवला. पोरांना सांगितलं, हिला तीनच गोष्टी लागतात. ओल, ऊब, अंधार. मागच्या बाकावरून प्रश्न, "मॅडम, आणि पाव मेला तर?" पाव मेलेलाच असतो म्हटलं. वर्ग हसला. मला मात्र घरी येईपर्यंत तेच आठवत होतं.

२४ जुलै

पुन्हा पावलं. शाळेतून आले, दारातच चपला काढून बाथरूममध्ये पाय धुतले, स्लीपर घातल्या, कणीक भिजवली. हात धुवायला वळले तर तीच ओळ. बाथरूमकडून येणारी. आणि तोच ठसा, चार बोटांचा.

दारं खिडक्या बंद होत्या. तपासल्या.

रात्री सिल्लोडहून शकूताईंचा फोन. ह्यांची धाकटी बहीण. आम्हाला मूल नाही, सगळं क्रियाकर्म त्यांच्या मुलानं केलं, म्हणून त्यांचं मी ऐकून घेते. पावलांचं सांगायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

त्या म्हणाल्या, "वहिनी, म्या तवाच म्हणलं व्हतं. तेराव्याला नवी चप्पल, छत्री द्यायची असती. वाट लई तापलेली असती म्हणत्यात. तुमी ऐकलं नाय. दादा अनवाणी फिरतोय बघा."

"शकूताई, मेलेल्या माणसाला पाय नसतात."

"मग पावलं कुनाची हायत?"

फोन ठेवला. तेव्हा मी खरंच म्हणाले होते, असल्या दानापेक्षा शाळेतल्या पोराला बूट घेऊन देईन. तेही घेतले नाहीत. आणि ह्यांच्या जुन्या स्लीपर तेवढ्या ठेवून घेतल्या. त्याला कुठलं विज्ञान म्हणायचं?

३१ जुलै

घरात वास येतोय. सेफ्टी शूज दाराबाहेर काढल्यावर जिन्यात यायचा तो. आंबूस, ओल्या मोज्यांचा. ह्यांचं कपाट उघडलं, तिथं फक्त डांबराच्या गोळ्या. पलंगापाशी येतो, खुर्चीपाशी येतो. मी बसते तिथं येतो.

अठ्ठावीस वर्षं या वासाला नाकं मुरडली. आज मात्र डोळे मिटून बसून राहिले. बरं वाटलं. भीतीही वाटली, पण बरं जास्त वाटलं.

४ ऑगस्ट, सोमवार

आता पुसायचं नाही असं ठरवलंय. निरीक्षण करायचं. शाळेतून खडू आणला. आज पुन्हा चार बोटं दिसली तेव्हा वाळायच्या आत खडूनं कड काढून घेतली आणि शेजारी तारीख घातली. शहाबादी फरशीवर पांढरं छान उठतं.

६ ऑगस्ट

दुसरं पाऊल, पलंगाजवळ. तारीख घातली. झाडताना दोन्हींना वळसा घालते.

खाज अजिबात नाही. बेचक्यातली कातडी मात्र पांढरी झालीये, पाण्यात राहिल्यासारखी. ट्यूब संपली, दुसरी आणली.

९ ऑगस्ट, शनिवार, राखी

शकूताई सकाळच्या एसटीनं आल्या. भाऊ गेल्यावरची पहिली राखी. फोटोसमोर राखी ठेवली आणि पदर तोंडाला लावून बसल्या. मी चहा टाकायला उठले. त्यांनी खडूची पावलं बघितली होती. मी कप घेऊन आले तर त्या माझ्या पायांकडे बघत होत्या.

"वहिनी, स्लीपर कुठंय तुमच्या?"

"पायात."

"नाय वं. त्या तिकडं ऱ्हायल्या."

खाली बघितलं. दोन्ही पाय उघडे. ओले. ह्यांच्या स्लीपर बाथरूमच्या दारात होत्या, एक सरळ, एक तिरकी, जशा पायातून सुटल्या तशा. आणि मी शपथेवर सांगितलं असतं की त्या पायात आहेत.

मागं माझीच पावलं होती. ओली, बाथरूमपासून. डाव्या पायाला चार बोटं.

शकूताईंनी मला खाली बसवलं, डावा पाय ओढून मांडीवर घेतला. मी नको नको म्हणत होते, थोरल्या वहिनीचा पाय. करंगळी सुजून वर उचलली गेलीये, फरशीला टेकतच नाही. त्यांनी बेचकं फाकवलं. पांढरी लिबलिबीत कातडी, मधे लाल भेग, भेगेत पिवळं. तो वास एकदम वर आला. वास माझ्याच पायाचा होता.

"दुखत नाय व्हय?"

"नाही."

त्यांनी दाबलं. "आता?"

"दाबलंत का?"

शकूताईंचा चेहरा उतरला. हळूच म्हणाल्या, "दादालाबी दुखत नव्हतं."

नंतर लक्षात आलं. तीन महिने मी ज्या पायाचं ड्रेसिंग केलं तो ह्यांचा उजवा पाय. खडूनं काढलेले दोन्ही ठसे डाव्याचे आहेत. माझ्यासमोर होते, तारखेसकट. भ्यालेल्या माणसाला डावं-उजवंही कळत नाही.

११ ऑगस्ट

कातडीच्या डॉक्टरकडे. डॉ. निलोफर, माझीच विद्यार्थिनी, दहावीत पहिल्या बाकावर बसायची. ट्यूब बघून कपाळाला हात.

"मॅडम, ये किसने दिया आपको?"

"मेडिकलवाल्यानं."

"यात स्टेरॉइड आहे मॅडम. खाज झोपते, बुरशी जागीच राहते. वरून दिसत नाही, आत पसरते. तुम्हीच शिकवलं ना आम्हाला, ओल, ऊब, अंधार? तुम्ही पायात तिन्ही दिलं आणि वरून हे खाऊ घातलं."

लोका सांगे ब्रह्मज्ञान. मान खाली घालून ऐकून घेतलं.

मग म्हणाली, डोळे मिटा. नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला लावीन, लागला की 'हो' म्हणा. मी डोळे मिटून बसले. वाट बघत होते. बराच वेळ गेल्यावर म्हटलं, लाव की आता. "मॅडम, दहा जागी लावून झालं." त्यात मी दोनदाच हो म्हणाले होते.

म्हणून स्लीपर गळाल्याचं कळत नाही. साखरेनं पायाचे मज्जातंतू बधिर झालेत. बुरशी दार उघडते, म्हणाली, मग जंतू आत येतात, आणि तुम्हाला कळवायला पाय उरलेला नाही. सरांचं झालं तेच. आता ऐकलं नाही तर करंगळी जाईल, कदाचित पुढचंही.

बेचक्यातली कातडी खरवडून काचेवर घेतली, थेंब टाकला. मी म्हटलं, मला बघू दे. जुनी खोड. भिंगाखाली फिकट पेशी, आणि त्यांच्यामधून गेलेले लांब, फांद्या फुटलेले धागे. किती शांतपणे पसरलेले.

"कुठून आली असेल?"

तिनं माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या स्लीपरकडे बोट दाखवलं. डॉक्टरला दाखवायला नेल्या होत्या, की सोबतीला, माहीत नाही. "रबरात महिनोन् महिने जगते, मॅडम. घराबाहेर काढा."

शकूताईही राखीला जाताना हेच सांगून गेल्या होत्या.

१२ ऑगस्ट

औषधाची नवी ट्यूब टेबलावर आहे. झाकण उघडलेलं नाही.

दिवसभर एकच विचार. हे गेले. कपडे वाटले, चष्मा दिला, फोनचं कार्ड बंद झालं. पण ह्यांच्या पायावर जे जगत होतं ते अजून जिवंत आहे. स्लीपरमधून माझ्यात आलंय. काल भिंगाखाली मी ते बघितलं. ह्यांच्याकडचं या जगात जिवंत असं तेवढंच उरलंय, आणि मी ते दिवसातून दोनदा औषध लावून मारायचं.

असलं काही सातवीतल्या पोरानं लिहिलं असतं तर लाल रेघ मारली असती.

१७ ऑगस्ट

निलोफरशी फोनवर खोटं बोलले. लावते म्हटलं. नाही लावलं.

स्लीपर गच्चीवर उन्हात ठेवल्या. ऊन कुठलं, ढगच. संध्याकाळी खाली आणल्या. घातल्या नाहीत, पलंगाखाली ठेवल्या, दोन्ही शेजारी, जशा त्या ठेवायच्या असतात.

१९ ऑगस्ट

सकाळी अंगात कणकण. पाय घोट्यापर्यंत लाल, गरम. करंगळी जांभळट. आणि दुखत नाही! तेच सगळ्यात भयंकर आहे. आपलंच माणूस शेजारच्या खोलीत ओरडतंय आणि आपल्याला ऐकू येत नाही.

रिक्षानं निलोफरकडे. तिनं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या, पेनानं लाल भागाची कड आखली. रेघेच्या पुढं लाली गेली तर ताबडतोब दवाखान्यात भरती. मीही फरशीवर अशीच कड आखत होते.

"करंगळी वाचेल का गं?"

"आत्ता नाही सांगू शकत." मग हळू, "मॅडम, औषध लावलंच नव्हतं ना?"

रडू आलं. तिच्यासमोर, पेशंटच्या खुर्चीत. खरं कारण सांगितलं. तिनं हसण्यावारी नेलं नाही. म्हणाली, "मॅडम, अब्बू गेले तेव्हा अम्मीनं त्यांचा मिस्वाक, दात घासायची काडी, वर्षभर जपला. पण तोंडात नाही घातला."

घरी येऊन पहिल्यांदा ट्यूब उघडली. लावताना मोठ्यानं म्हटलं, माफ करा हो.

२१ ऑगस्ट

लाली रेघेच्या आत आहे. शकूताई येऊन राहिल्यात. स्वयंपाकाला हात लावू देत नाहीत.

२७ ऑगस्ट

गल्लीत गणपती आले, ढोल सुरू. आपल्याकडे यंदा नाही. शकूताई काल सिल्लोडला गेल्या.

माझी पूजा वेगळीच. सकाळ-संध्याकाळ पाय कोमट पाण्यानं धुवायचे, पाणी कोपरानं तपासायचं, पायाचा भरवसा नाही. मग टिपायचे. पायाचा नॅपकिन वेगळा, तो दुसरीकडे कुठं लावायचा नाही. एकेक बेचकं. हे लहानपणी कुणी शिकवलं नाही. बाहेरून आलं की पाय धुवा, एवढंच शिकवलं, पुसा कुणी म्हणालं नाही, आणि आपण सगळे ओल्या पायांनी घरभर. मग औषध, भेगेच्या पलीकडेही बोटभर. खाज गेली, कातडी चांगली दिसली तरी आणखी काही आठवडे. मोजे सुती, गरम पाण्यात धुवून उन्हात. बुटांचे दोन जोड, आलटून पालटून, पावडर टाकून. शेवटी तळवे आरशात बघायचे, रोज. बधिर पायाला डोळेच राखण.

अठ्ठावीस वर्षं ह्यांच्यावर ओरडले. एकदा नॅपकिन घेऊन खाली बसले असते तर? ड्रेसिंगला बसले, तेव्हा उशीर झाला होता.

६ सप्टेंबर, शनिवार

वर्तमानपत्र पसरलं, पाय ओले करून मुद्दाम उभी राहिले. उजव्याची पाच बोटं. डाव्याची पाच! करंगळीचा ठसा पुसट, मटाराएवढा, पण आहे. भेग मिटत आलीये. निलोफर म्हणाली, बहुतेक वाचली, पण सोमवारी पंधराला पुन्हा दोरा लावून बघू, पाय किती परत येतो ते तेव्हाच.

खूप आनंद झाला. खडूची पावलं ओल्या फडक्यानं पुसली. आणि पुसता पुसता वाटलं, म्हणजे सगळी माझीच होती. हे आलेच नव्हते, एकदाही. यावर इतकं रडेन असं वाटलं नव्हतं.

१० सप्टेंबर

वर्षश्राद्ध. शकूताई आणि त्यांचा मुलगा आले होते. मी स्वतः दुकानात जाऊन नऊ नंबरची नवी चप्पल आणली, पट्ट्याची, अंगठ्याची नको, ह्यांना टोचायची. छत्रीही. शकूताईंनी माझा हात धरला. चप्पल देवळासमोर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना दिली. त्यांनी तिथंच घातली. बरोबर बसली.

जुन्या स्लीपर पलंगाखालून काढल्या. तशाच टाकल्या तर कुणीतरी उचलून घालणार आणि बुरशी त्याच्या घरी. म्हणून मोठ्या कात्रीनं मधोमध कापल्या. रबर जाड, कापता कापता हात दुखले. आत ह्यांच्या टाचेचा खळगा होता, उजव्या स्लीपरला करंगळीच्या जागी रबर कोरं. पिशवीत घालून तोंड बांधलं. संध्याकाळी घंटागाडी आली, टाकली. गाडी वळेपर्यंत दारात उभी होते.

"आता झालं बघा वहिनी," शकूताई म्हणाल्या.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नळ येऊन आठ दिवस झाले. ड्रमच्या तळाशी चार बोटं पाणी. सकाळी अर्ध्या बादलीत आंघोळ, लगेच बाथरूमची फरशी पुसून घेतली, नवी सवय. दार ओढून शाळेत.

साडेपाचला आले. कुलूप उघडलं. पायात बूट, मोजे. पाय अजून धुतलेले नव्हते. हे दोनदा लिहिते, कारण उद्या मीच मला विचारणार आहे. पाय धुतलेले नव्हते. बूट पायात होते.

फरशीवर ओली पावलं.

बाथरूमपासून बाहेरच्या दारापर्यंत. या वेळी जाणारी. डाव्याची पाच बोटं. उजव्याची चार.

बाथरूम बघितलं. कोरडं. नळाखाली हात धरला, थेंब नाही. माझे बूट काढले, मोजे काढले. दोन्ही पाय कोरडे, पावडर तशीच. आरशात बघितले. दहा बोटं.

खडू टेबलावर होता. घेतला, आणि परत ठेवला.

शेवटचं पाऊल उंबऱ्याच्या आत होतं. त्याच्याजवळ खाली बसले. पाणी अजून ताजं होतं, बोटांच्या मधे साचलेलं. तिथंच जास्त. एवढं सांगून, एवढं ओरडून.

"पाय पुसून जायचं होतं ना हो," म्हटलं.

नॅपकिन आणला. वेगळा, कोरडा. फरशीला लावला नाही. उंबऱ्यापाशी घडी घालून ठेवला.

सोमवारी निलोफरकडे जायचंय. तिला हे सांगायचं की नाही, ठरलेलं नाही.

पंखा लावलेला नाही. उकडतंय. पण पावलं अजून ओली आहेत, आणि वाळायला त्यांना जेवढा वेळ लागेल तेवढा लागू दे.